बाईंचा पांढरा रुमाल

बाईंच्या पांढऱ्या साड्या निळ्या होत्या. उज्जैनच्या फ्रीगंजातल्या निम्म्या लोकांना वाटे की ही त्यांची खास आवड आहे, आणि उरलेल्यांना वाटे की चित्रकार माणसाचं काही सांगता येत नाही. बाई टावर चौकातून निघाल्या की पोह्यांवर सेव टाकणारा माणूसही क्षणभर हात थांबवून बघून घेई. फिकट म्हणावा असा तो रंग नव्हता, चांगला डोळ्यांत भरणारा निळा होता. आणि त्याला कारण मी होते, कारण त्या साड्या माझ्याकडे धुवायला येत.

मी काही धोबीण नव्हे. साताऱ्याहून लग्न होऊन उज्जैनला आलेली, बँकेतल्या माणसाची बायको. घरात सासूबाई आणि आम्ही दोघं. नवरा सकाळी बँकेत गेला की संध्याकाळपर्यंत मला काम असं नसे, आणि बाहेर पडावं तर सगळं गाव हिंदीत बोलायचं. मराठी घरं होती पुष्कळ, पण त्यांचं मराठीही मला पाहुण्यासारखं वाटे. ‘काय करून राहिली?’ असं कुणी विचारलं की मला आधी उत्तर द्यावं की वाक्य दुरुस्त करावं तेच कळत नसे. त्यामुळे मी गच्चीवर जाऊन कपडे धूत बसे. साताऱ्यात आईनं दुसरं काही शिकवलं असेल नसेल, पण कपडे पांढरेशुभ्र करायला शिकवलं होतं.

एके दिवशी दुपारी दार वाजलं. दारात साठीच्या एक बाई, उंच, काटक, हातात छत्री आणि काखेत कापडी पिशवी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाल्या, “तुमच्या गच्चीवर चादरी वाळून राहिल्या आहेत, त्या कुठल्या धोब्याच्या? सगळ्या फ्रीगंजात त्यातल्या त्यात पांढऱ्या त्याच आहेत.” मी धुते म्हटल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पिशवीतून अर्धा डझन रुमाल काढून माझ्या हातावर ठेवले. त्यांचा चौथा धोबी नुकताच निकम्मा ठरला होता.

त्या म्हणजे मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या ड्रॉइंगच्या बाई. त्यांचे पूर्वज संस्थानच्या दप्तरात कामाला होते, त्यामुळे बोलण्यात एक जुनी अदब होती आणि तिला हिंदीची फोडणी होती. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या मागच्या गल्लीत माडीवरच्या दोन खोल्यांत राहायच्या. सासूबाईंनी सगळी माहिती पुरवली आणि वर म्हणाल्या, “धू हो त्यांचे रुमाल. माणूस तिरसट आहे, पण खोटं बोलत नाही.” रुमालांमागून साड्या आल्या. मोबदला म्हणून बाईंनी मला रविवारी सकाळी टांग्यात बसवलं आणि कालियादेहला नेलं. मला चित्र काढता येत नाही, असं मी सांगून पाहिलं. “ते बरंच आहे,” एवढंच त्या म्हणाल्या.

कालियादेहचा महाल शिप्रेच्या पात्रातच उभा आहे. नदी त्याच्या दोन्ही बाजूंनी जाते आणि थोडं पाणी दगडी नाल्यांतून, चौकोनी कुंडांमधून फिरवून पुन्हा नदीत सोडलेलं आहे. कोण्या सुलतानानं उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून ते करवलं म्हणतात. आम्ही जायचो तेव्हा तिथे माकडं, शेळ्या आणि आम्ही, एवढीच वर्दळ. भुतडी अमावास्येला मात्र अंगातली भुतं उतरवायला कुंडांवर ही गर्दी लोटते. बाई म्हणायच्या की ती भुतं जाताना महालात मुक्कामाला राहतात, म्हणून तर कुणी तिथे फार वेळ थांबत नाही आणि आपल्याला जागा मिळते.

टांग्यात पुढे चाचा, म्हणजे टांगेवाले. त्यांच्या शेजारी गार्डसाहेब. हे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले मराठी गृहस्थ, जलरंगात पूल फार छान काढायचे. मागे बाई आणि मी, पाय खाली सोडून, मागे पळणारा रस्ता बघत. वाटेत भैरवगढला छिपे, म्हणजे कापडावर ठसे छापणाऱ्या लोकांचे रंगवलेले कपडे वाळत घातलेले दिसत. तिथे बाई चाचांना टांगा हळू करायला लावायच्या आणि मला प्रत्येक कपड्याचा रंग विचारायच्या. मी लाल म्हटलं की, “कुठला लाल? लाल काय एकच असतो?” असं म्हणून पुढच्या कोसभर माझी शिकवणी घ्यायच्या.

महालाशी पोचलं की पहिलं काम ठरलेलं. बाई पिशवीतून पांढरा रुमाल काढायच्या, उन्हात गवतावर पसरायच्या आणि कोपऱ्यावर दगड ठेवायच्या. मग सगळ्यांनी बोर्ड मांडीवर घेण्याआधी त्या रुमालाकडे बघायचं. “हा पांढरा,” बाई सांगायच्या. “आता बाकी सगळं याच्या हिशोबानं. भिंत पांढरी म्हणताय? रुमालाशेजारी बघा, किती मळकी आहे ती.” आणि खरंच, जी भिंत मी आयुष्यभर पांढरी म्हटली असती ती त्या रुमालाच्या नजरेनं बघितली की कुठे गुलाबी, कुठे शेवाळी निघायची. त्या रुमालाचं मला सुरुवातीला हसू यायचं. पुढे पुढे त्याच्याशिवाय बघताच येईना.

दुसरं त्यांचं एक होतं. चित्र झालं की बाई मागे येऊन उभ्या राहायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, “हे दिसलं, की माहीत होतं?” मी झाडाला हिरवी पानं काढली, तर हा प्रश्न. महालाच्या घुमटाला मागची बाजूही काढली, तर हा प्रश्न. माहीत असलेलं घरी ठेवून यायचं, असा दंडक होता. गार्डसाहेबांनी एकदा पुलावर आगगाडी काढली, तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या की ही गाडी तुमची निवृत्तीनंतरची आहे, नदीवरची नाही. गार्डसाहेबांनी निमूटपणे पाणी घेऊन गाडी पुसली.

मला हे सगळं कशासाठी सांगायचंय, तर त्या रविवारांनी मला हे गाव दिलं. आधी उज्जैन म्हणजे माझ्या लेखी नवऱ्याच्या नोकरीचं ठिकाण होतं. आता राम घाटावर सासूबाईंबरोबर गेले की पायऱ्यांवर पंडे कुठे बसलेत, छत्र्यांच्या सावल्या कुठे पडल्यात, ओल्या दगडाचा रंग कोरड्यापेक्षा कसा वेगळा आहे, हे मला दिसायला लागलं होतं. भाजीवाल्याशी माझी हिंदी सुधारली, कारण मी त्याच्याशी वांग्याच्या रंगावरून बोलायला लागले. साताऱ्याला पत्र लिहिताना ‘आपल्याकडे’ हा शब्द कधी साताऱ्याऐवजी उज्जैनसाठी यायला लागला, ते माझं मलाच कळलं नाही.

फक्त एका बाबतीत माझं आणि बाईंचं जमत नव्हतं. कुंडातलं पाणी मी निळसर काढायची. बाई मागे येऊन उभ्या. “निळं दिसलं, की माहीत होतं?” मी दिसलं म्हणायची. “बिलकुल नाही. शाळेत शिकवलंय तुला, पाणी निळं, म्हणून काढून राहिली आहेस. नीट बघ.” मी नीट बघायची, मला निळसरच दिसायचं. बाईंच्या चित्रात मात्र पाणी मधासारखं पिवळं असायचं, आकाश पिवळसर, महालही उन्हानं रापलेला. इंदूरला एका प्रदर्शनात कुणा जाणकारानं त्यांच्या चित्रांपुढे उभं राहून माळव्याच्या मातीचा रंग पहिल्यांदाच कुणाला तरी सापडला, असं भाषण केलं होतं. तेव्हापासून गार्डसाहेबांचे पूलही पिवळे झाले होते. शेवटी मीही शरण गेले. एका रविवारी पाण्यात सरळ यलो ऑकर कालवला, तो मातकट पिवळा रंग. बाई मागे आल्या आणि म्हणाल्या, “हे दिसलेलं आहे. शाबास.” ती त्यांची मला मिळालेली पहिली शाबासकी. नवऱ्यानं त्या चित्राला फ्रेम करून आणली आणि पुढच्या खोलीत टीव्हीच्या वर लावली.

टीव्ही तेव्हा नवाच होता. देशात नुकतंच सगळं खुलं झालं होतं आणि उज्जैनला त्याचा पुरावा म्हणजे टावर चौकात उघडलेलं रंगीत टीव्हीचं मोठं दुकान. काचेआड एकाच वेळी अनेक पडद्यांवर केबलचं एकच गाणं नाचत असायचं आणि बाहेर ही गर्दी. बाईही एकदा बघायला गेल्या. आत जाऊन मालकाला म्हणाल्या, “भाईसाहब, ये सब सेट चाय में डुबोए हैं क्या?” तो बिचारा प्रत्येक सेटचं बटण फिरवत बसला. परतताना बाई मला म्हणाल्या, “हल्ली सगळे रंगीत रंगीत म्हणून ओरडतात, आणि मला तर जमाना खाकी होत चाललेला दिसतो.” मला ते एक मार्मिक बोलणं वाटलं. घरी जाऊन मी नवऱ्याला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

आणि नीळ. दर आठवड्याला बाई रुमाल परत आणायच्या आणि म्हणायच्या की पिवळटपणा अजून गेला नाही, जरा नीळ वाढव. मी वाढवायची. साड्यांचंही तेच. सासूबाई म्हणायच्या, “अगं, ही निळीची पुडी आहे की होळीचा रंग?” मी म्हणायची, बाईंना तसंच आवडतं. विक्षिप्त माणसाचा एक मोठा फायदा असतो, त्यानं काहीही केलं तरी लोक कारण विचारत नाहीत. तोटाही तोच असतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

ते कळलं सासूबाईंमुळे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हिरव्या कापडाची पट्टी निघाल्यावर घरी आल्या, पुढच्या खोलीत बसल्या आणि दारावरच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, “अगोबाई, हा पडदा निळा आहे होय? मी इतकी वर्षं हिरवा समजत होते.” मग त्यांनी टीव्हीवरच्या चित्राकडे बघितलं. माझ्या शाबासकीच्या चित्राकडे. म्हणाल्या, “आणि हे पाणी गं असं का? याला मोतीबिंदू झालाय का?”

चार धोबी, निळीच्या पुड्या, चहात बुडवलेले टीव्ही, मधासारखं पाणी, सगळं एकदम ओळीनं उभं राहिलं. बाईंचं काही मार्मिक बिर्मिक नव्हतं. बाईंना दिसत नव्हतं.

तो आठवडा मी फार वाईट काढला. ज्या बाईनं जन्मभर ‘दिसेल तेच काढ’ एवढं एकच सांगितलं, तिला तुमचं दिसणंच बिघडलंय, असं कसं सांगायचं? तिची इतक्या वर्षांची चित्रं, इंदूरची वाहवा, सगळ्यावर पाणी फिरणार. न सांगावं तर डोळे जाणार. नवरा म्हणाला, तू कशाला मध्ये पडतेस. सासूबाई म्हणाल्या, साड्या तू धुतेस ना, मग सांगायचंही तूच.

रविवारी कालियादेहला थंडी होती आणि ऊन अगदी स्वच्छ. बाईंनी रुमाल पसरला, दगड ठेवला, थोडं मागे जाऊन बघितलं आणि नेहमीसारख्या माझ्यावर करवादल्या. अजून पिवळाच आहे, नीळ टाकलीस की विसरलीस?

मी म्हटलं, “बाई, हा रुमाल निळा आहे.”

“काय?”

“रुमाल निळा आहे. तुमची साडीही निळी आहे. तुम्हीच म्हणता ना, दिसेल ते. मला निळं दिसतंय.”

बाईंनी मान वळवली. “गार्डसाहेब, तुम्हाला कसा दिसतो?”

गार्डसाहेबांची सगळी नोकरी लाल-हिरव्या झेंड्यांवर गेलेली. रेल्वेनं त्यांचे डोळे वेळोवेळी रंगांसाठी तपासून घेतलेले. त्यांनी गवताकडे बघत सांगितलं, “निळाच आहे, बाई.”

“केव्हापासून?”

“बरेच दिवस झाले.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“आम्हाला वाटलं, आपली आवड असेल.”

चाचा लांब घोड्याला चारा घालत होते. बाईंनी त्यांनाही हाक मारून विचारलं. चाचांनी आधी गार्डसाहेबांकडे पाहिलं, मग म्हणाले, “बाईजी, नीला तो है. पर आप पे जँचता है.”

बाईंनी बोर्ड, रंग, पाण्याची बाटली सगळं पिशवीत भरलं आणि टांग्यात जाऊन बसल्या. येताना भैरवगढ आलं, कपडे वाळत होते, पण त्यांनी टांगा हळू करायला सांगितला नाही. रुमाल तिथेच गवतावर राहिला होता, तो मी उचलून आणला. घरी सोडा घालून उकळला, पुन्हा उकळला, पण नीळ इतकी मुरली होती की पुरती निघाली नाही.

पुढचे दोन रविवार टांगा आला नाही. माडीवरची खिडकीही बंद. मी जेवण घेऊन गेले तर बाईंनी दार न उघडता आतूनच भूक नाही म्हणून सांगितलं. मी नको ते बोलून बसले, असं मला वाटायला लागलं. मग एका दुपारी, पहिल्या दिवशी वाजलं होतं तसंच दार वाजलं. बाई आत आल्या, माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ सासूबाईंसमोर जाऊन बसल्या.

“दुखतं का हो?”

“दुखत काही नाही,” सासूबाई म्हणाल्या. “फक्त नंतर घरातली जळमटं दिसायला लागतात.”

बाई हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवत म्हणाल्या, “ऑपरेशनला मी भीत नाही. पण डोळा चांगला झाला आणि मागची सगळी चित्रं खोटी निघाली, तर मी काय करू? या वयात पुन्हा कुठून काढू?” सासूबाईंनी फक्त त्यांचे हात धरले आणि मला चहा टाकायला पिटाळलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले की मोती पिकून पार तपकिरी झाला होता, या डोळ्यानं बाई टांग्यात तरी कशा चढत होत्या याचंच नवल आहे. पट्टी काढली तेव्हा मी पलंगाशी होते. बाईंनी डोळा हळूहळू उघडला, छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग नजर खाली स्वतःच्या पदरावर गेली.

“अगं बाई गं,” त्या म्हणाल्या. “हे नेसून मी टावर चौकातून हिंडून राहिले होते?” आणि मग इतक्या हसायला लागल्या की डॉक्टरांनी दटावलं, टाके आहेत, हसायचं नाही. त्यावर त्यांना आणखी हसू आलं. मलाही आलं, आणि हसता हसता मी कधी रडायला लागले कळलं नाही.

चालता फिरता यायला लागल्यावर बाईंनी घरोघर जायला सुरुवात केली. आपलं चित्र कधी विकायचं नाही, मागेल त्याला देऊन टाकायचं, अशी त्यांची रीत, त्यामुळे पिवळी चित्रं गावभर होती. मी बरोबर असायची. लोकांना वाटायचं, बाई आता चित्र परत मागणार किंवा फाडणार. पण बाई काळा चष्मा काढायच्या, चित्रापुढे उभ्या राहायच्या आणि नवा डोळा तळव्यानं झाकून जुन्या डोळ्यानं बघायच्या. मग जुना झाकून नव्यानं. चाचांच्या घरी त्यांच्या घोड्याचं चित्र होतं, पिवळ्या पाण्यात उभा असलेला पिवळा घोडा. तिथे त्यांनी डोळे आलटून पालटून दोन-तीनदा झाकून बघितलं. मग चाचांना म्हणाल्या, “रहने दो. झूठ नहीं है. मुझे ऐसा ही दिखा था.” चाचांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी घाईघाईनं चित्राची काच पदरानं पुसायला बायकोला सांगितलं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन बाईंनी लांबवत नेलं. डॉक्टर रागवायचे. बाईंचं म्हणणं, जुनी चित्रं बघायला एक जुना डोळा घरात असू द्यावा. डोळ्याबद्दल त्या असं बोलायच्या जणू तो फडताळात ठेवायची वस्तू आहे. साड्या मात्र त्यांनी सगळ्या माझ्याकडे आणून टाकल्या आणि सांगितलं की यातली नीळ जाईल तितकी घालव, न जाईल त्याची पायपुसणी कर.

सगळी घरं झाल्यावर त्या आमच्याकडे आल्या. पुढच्या खोलीत, टीव्हीच्या वर, माझं शाबासकीचं चित्र. मी बेफिकीर होते, कारण बाई सगळीकडे ‘राहू द्या’ म्हणत आल्या होत्या. त्यांनी जुन्या डोळ्यानं बघितलं. नव्यानं बघितलं. मग माझ्याकडे वळल्या.

“हे तुला दिसलं होतं?”

मी नाही म्हटलं.

“मग?”

“तुम्हाला दिसत होतं, म्हणून काढलं.”

“माझी खरी आहेत,” बाई म्हणाल्या. “हे एकच खोटं आहे. आणि शाबासकी मी यालाच दिली.”

रागावल्या नव्हत्या. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले आणि सासूबाईंकडे वाटीभर पाणी मागितलं. माझा रुंद ब्रश पाण्यात बुडवून त्यांनी कुंडाच्या जागी कागद भिजवला आणि मला रुमाल आण म्हणाल्या. मी तोच आणला, कालियादेहवरचा, उकळून उकळून विटलेला. त्यांनी तो दाबून दाबून ऑकर टिपायला सुरुवात केली. निळ्या रुमालावर पिवळे डाग पडत गेले आणि कागदावरचं पाणी फिकट होत गेलं. सासूबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. शेवटी अशी वेळ आली की कितीही टिपलं तरी कागदातला एक हलका पिवळा निघेना.

“पुसला तेवढा पुसला,” बाई म्हणाल्या. “उरलेला माझा आहे. राहू दे. रविवारी बोर्डावर लावून घेऊन चल. मी तुझ्या मागे उभी राहणार नाही.”

आणि खरंच त्या रविवारी बाई कुंडाकडे पाठ करून बसल्या, शेवटपर्यंत वळल्या नाहीत. मी रुमालाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि निळा लावला. खालून बाईंचा पिवळा वर आला आणि पाणी हिरवट झालं. मी हात थांबवून पुन्हा कुंडाकडे बघितलं. हिवाळ्यात सकाळच्या उन्हात कालियादेहचं पाणी तसंच असतं, ना बाईंना दिसायचं तसं, ना मला. बाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. चित्र अजून आमच्या पुढच्या खोलीत आहे, आणि ते पाणी आम्हा दोघींना मिळून दिसलेलं आहे.